खिसा नसलेल्या बाईचा चाकू

दुकानाच्या दारावरची घंटा वाजली की आत्याचा हात जिथे असेल तिथे थांबायचा. हातोडी वर असली तर वर, कानस पुढे गेलेली असली तर पुढे. लाल झालेलं पातं सांडशीत धरलेलं असलं, तर ते तिच्या डोळ्यांदेखत काळं पडत जायचं आणि गिऱ्हाईक गेल्यावर पुन्हा भट्टीत घालावं लागायचं. कारण सोपं होतं. दादा पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाशी बोलत बसलाय आणि मागच्या खोलीत ठोकाठोक चाललीय, म्हटल्यावर चाकू मग करतं कोण, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. बारा वर्षं हे असं चाललं होतं.

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. दादाच्या मुली तिला आत्या म्हणायच्या. त्या लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या आणि नाव मागे राहिलं. आता गल्लीतली सत्तरीची म्हातारीसुद्धा तिला आत्याच म्हणते. तिचं वय पंचावन्नच्या पुढे, अंग काडीसारखं, मनगटं मात्र पैलवानाची. फक्त दादा तिला 'डावी' म्हणतो, कारण ती जन्माची डावखुरी. तेही चार भिंतींच्या आत. परक्या माणसासमोर ते नाव त्याने बारा वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

या घरात खिशात मावणारे घडीचे चाकू होत आले. आजोबांनी सुरुवात केली, वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, नाव मिळवलं, दादाने ते राखलं. प्रत्येक तऱ्हेला घरचं नाव होतं. 'एकपाती' म्हणजे लांबोडका, साधा, फळ कापा नाहीतर सुतळी. 'माळी' म्हणजे पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं पातं, फांद्या छाटायला. 'तिपाती' म्हणजे एका मुठीत तीन पाती, तीन सुना एका स्वयंपाकघरात असाव्यात तशी, एकमेकींना घासू न देता बसवायची. आणि 'खलाशी'. खलाशाची धार पट्टीसारखी सरळ आणि टोक वरून खाली वळवून बोथट केलेलं. बोट हेलकावली तरी शेजाऱ्याच्या पोटात घुसू नये, म्हणून खलाशांनी तो तसा करून घ्यायला सुरुवात केली, असं आप्पा सांगायचे. खरं-खोटं आप्पा जाणोत.

आत्याचा जीव खलाशावर. "रोज जवळ बाळगावा तर हाच," ती वहिनीला म्हणायची. "सरळ वागतो, कुणाला टोचत नाही आणि कापायची वेळ आली की कापतो." लोक येऊन काय काय मागतात याचा तिला राग होता. बाटली उघडायला हवं, स्क्रू फिरवायला हवं, दात कोरायला हवं. मग खिशात चाकू कशाला, हार्डवेअरचं दुकानच घाला की.

घरची एक रीत होती. काम शिकून झालं की कारागिराने आपल्या आवडीच्या तऱ्हेचा एक चाकू स्वतःसाठी करायचा. तो विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, मरेपर्यंत खिशात ठेवायचा. या धंद्यातली दोन माणसं पहिल्यांदा भेटली की आधी आपापल्या खिशातला चाकू काढून टेबलावर ठेवतात, एकमेकांचा उघडून बघतात, मग बोलणं सुरू. दादाने त्याचा एकपाती बाविसाव्या वर्षी केला. आत्या तेव्हा सोळाची होती, पॉलिशच्या चाकावर बसायची आणि बघून बघून सगळं शिकली होती. तिने विचारलं, "आप्पा, मी करू माझा?" आप्पांनी मान वर न करता सांगितलं, "खिसा नाही त्याला खिशातला चाकू कशाला?" कारागीर खो खो हसले. बायकांच्या कपड्यांना तेव्हा खिसे नसायचे, म्हणजे विनोद बरोबरच होता. आत्याही हसली. चाळीस वर्षं झाली, ते हसू तिच्या घशात अजून अडकलेलं आहे.

दादाचा हात थरथरायला लागला तेव्हा आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आधी उजवा, बोटांतून. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. त्याच आठवड्यात वीस चाकू द्यायचे कबूल केलेले होते. आत्या मागच्या खोलीत गेली, दादाच्या स्टुलावर बसली आणि वीसच्या वीस करून बाहेर आली. दादाने एक उघडला. पातं पूर्ण उघडताना पाठीची स्प्रिंग जो आवाज करते, त्या एका 'खट्'वर या धंद्यात माणसाची किंमत ठरते. दादाने आवाज ऐकला, मिटला, पुन्हा उघडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "डावे," तो म्हणाला, "हे माझ्याहून बरे आहेत." आणि मग म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

त्यानंतर सगळं आपोआप बसत गेलं. मागच्या खोलीच्या खिडकीच्या काचा पांढऱ्या रंगवल्या. मधल्या दाराला जाड पडदा लागला. दादा उजवा हात खिशात घालून पुढे बसायचा. खिशात हात, हातात तो जुना एकपाती, लोकांना वाटायचं, काय ऐट आहे बघा. चाकू दाखवायचा तो गिऱ्हाइकालाच उघडायला लावून. "तुम्हीच उघडा. आवाज ऐका. मी कशाला सांगू?" गिऱ्हाईक खूश. आत्याच्या बोटांच्या भेगांत काळं बसलेलं, ते कशानेच निघेना, म्हणून वहिनीने गल्लीत सांगून टाकलं की आमच्या वन्संना कातडीचा आजार आहे. तेव्हापासून तिच्या हातून पाण्याचा ग्लास घेताना बायका कड पुसून घेतात. "झाकली मूठ सव्वा लाखाची," वहिनी म्हणायची. मूठ कुणाची झाकली आणि सव्वा लाख कुणाचे झाले, हे विचारायचं नसतं.

दादा वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाच्या घरातून निघून जाता येतं. हा रोज संध्याकाळी तिच्या पाठीला शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचा, तिच्या ताटात आधी वाढायला लावायचा, आणि आजारी पडली की लहान मुलासारखा कावराबावरा व्हायचा. त्याच्याविरुद्ध बोलायचं तरी काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणावं, तर मारणाराच मलम लावतोय. आत्याला कधी कधी वाटायचं, आपणही त्या पात्यासारख्याच. मुठीच्या फटीत बरोबर बसलोय, वरून स्प्रिंगने दाबलंय, आणि कुणी नख लावून ओढत नाही तोवर असंच राहायचं.

ते नख लावायला पात्यावर एक खाच असते. तिची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यापायीच घडलं. मिटलेला चाकू डाव्या हातात धरायचा आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने पातं ओढायचं, ही जगाची रीत, म्हणून खाच पात्याच्या एका ठरलेल्या बाजूलाच असते. डावखुऱ्याने तो चाकू घेतला की त्याचं नख गुळगुळीत पोलादावरून घसरतं. पाणी देऊन पातं कडक झालं की खाच बदलत नाही. पातंच नवीन करावं लागतं. आत्या दर पात्यावर खाच पाडताना मनात म्हणायची, 'त्यांची बाजू'. बारा वर्षांत हजारो पाती झाली, एकदाही चुकली नाही.

एकदाच चुकली. मागच्या थंडीत दादा दहा दिवस तापाने पडला होता. त्याचा खिशातला एकपाती उशाशी होता; धार लावून लावून पातं झिजून सुईसारखं झालेलं. आत्याने गुपचूप नवीन पातं करून बसवलं. तो उठला तेव्हा तिने ते सांगितलं, त्याने मुठीवरून अंगठा फिरवला, "बेस केलंस," म्हणाला आणि चाकू खिशात टाकला.

मग तंत्रशाळेचे मास्तर आले.

बुटके, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या बाहीवर वंगणाचा डाग. घंटा वाजली, आत्याचा हात थांबला, आणि पडद्याच्या फटीतून तिने पाहिलं. मास्तरांनी नमस्कार केला, आपला चाकू काढून टेबलावर ठेवला. माळी होता, जुना, छान वापरलेला.

"दादा, सरळ कामाचं बोलतो," ते म्हणाले. "घडीचे चाकू हाताने करणारं आता कुणी उरलं नाही. शाळेत वर्ग सुरू करतोय. दोन वर्षांसाठी शिकवायला माणूस हवा. राहायला खोली देऊ. पंधरा जण आहेत, त्यात सहा मुली. तुम्ही याल?"

"माझं वय झालं, मास्तर."

"मग तुमच्या हाताखालचं कुणी द्या. एवढा माल एकटा माणूस करत नाही."

आत्या फटीला आणखी चिकटली. सहा मुली. वर्गाला मोठ्या खिडक्या असतील. आणि तिथे घंटा वाजली की हात थांबवायचा नसेल, कामाला लावायचा असेल. तिला ते फार हवंसं वाटलं. आयुष्यात तिने दुसरं काही एवढं मागितलं नव्हतं, आणि हेही अजून मागितलं नव्हतंच.

"माझ्या हाताखाली कुणी नाही," दादा म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. "बरं. तुमचा तरी बघू द्या."

रीतच ती. नाही म्हणता येईना. दादाने एकपाती काढून टेबलावर सरकवला. मास्तरांनी उचलला, नख लावलं. नख घसरलं. त्यांनी चाकू उलटा केला, खाच बघितली, डाव्या नखाने उघडला. खट्. त्या आवाजाने ते एकदम ताठ झाले. मिटला, पुन्हा उघडला. पडद्यामागे आत्याने ओठ दाताखाली धरला. विकायचा नसलेला, घरचा, मायेने केलेला चाकू, आणि तिच्या हाताने न विचारता खाच स्वतःच्या बाजूला पाडली होती.

"दादा, तुम्ही डावखुरे?"

"मी? नाही हो."

मास्तरांनी चाकू मिटून पुढे केला. "मग हा जरा उघडून दाखवा."

दादाचा उजवा हात टेबलावर आला. थरथरत त्याचं नख पात्यावर फिरलं, एकदा, दोनदा. खाच सापडेना. तो चाकूकडे असा बघत राहिला, जणू परक्याचाच हातात आलाय. आत्याला त्या क्षणी दोन गोष्टी कळल्या. आपण चुकलो, ही एक. आणि दुसरी, जी जास्त लागली: नवीन पातं बसवल्यापासून वर्षभरात दादाने तो चाकू एकदाही उघडला नव्हता. नुसता धरून बसला होता.

वहिनी पाणी घेऊन बाहेर गेली, म्हणून बरं. मास्तर पाणी प्यायले, कागदावर पत्ता लिहिला. "पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत जागा ठेवतो," ते म्हणाले. "हे पातं ज्याने बसवलं, त्याला सांगा." त्यांनी पडद्याकडे पाहिलं, की आत्यालाच तसं वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा असा माणूस तो नव्हता. पण दुसऱ्याच्या घरातला पडदा आपण ओढायचा नसतो, एवढं त्यांना कळत होतं.

कागद टेबलावर पडून राहिला. दादाने हात लावला नाही. वहिनीने टेबल पुसता पुसता तो उचलला आणि स्वयंपाकघरात आत्याच्या हातात दिला. आत्याच्या चामडी ॲप्रनला आतून एक खिसा होता. आप्पा गेले त्या वर्षी तिने तो स्वतः शिवला होता, कुणाला न सांगता. त्यात ठेवायला काही नव्हतं, नुसता शिवला होता. कागद त्यात गेला.

संध्याकाळी दादाने एकपाती तिच्यासमोर ठेवला. "पातं बदल," तो म्हणाला. "खाच इकडे घे."

"आणि मास्तरांना काय सांगायचं?"

"काही नाही." तो खाली बघत होता. "डावे, तू गेलीस तर मी पुढे बसून काय करू? लोकांना सांगू, बारा वर्षं बहिणीच्या जिवावर नाव मिरवलं?"

इकडे आड, तिकडे विहीर. आत्याने चाकू घेतला. दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा परत दिला. "बघ झालाय का," म्हणाली. दादाने बघितला, खिशात टाकला. कळलं की नाही, तिला समजेना.

त्या आठवड्यात घाऊकवाल्याचे चोवीस खलाशी करायचे होते. हा घाऊकवाला दादाचं जुनं गिऱ्हाईक, बोलायला तिखट. पहिल्या पात्यावर खाच पाडायला घेतली तेव्हा आत्याच्या ओठांवर नेहमीचं आलं, 'त्यांची बाजू'. तिने पातं उलटं केलं आणि खाच आपल्या बाजूला पाडली. ही चूक नव्हती, हे स्पष्ट सांगतो. तिला राग आला होता. बारा वर्षांचा राग शांतपणे, एकेक करून, चोवीस पात्यांवर तिने नोंदवला, पाणी दिलं, घासली, बसवली. चोवीस वेळा खट्. असे चाकू तिच्या हातून आधी कधी झाले नव्हते. दादाने ते कागदात गुंडाळून दिले.

त्या दिवसांत पुढच्या खोलीतून तिला मधूनच कसलासा बारीक आवाज यायचा. गिऱ्हाईक नसताना. खरखर, मग काही नाही, मग पुन्हा खरखर. एकदा अर्धवट 'खट्' झाल्यासारखंही वाटलं. टेबलाचा खण अडकत असेल, असं तिने धरलं.

एक तारखेला चार दिवस उरले असताना घंटा वाजली. कानस हवेतच थांबली. टेबलावर खोकं आपटल्याचा आवाज आला.

"चोवीसच्या चोवीस उलटे!" घाऊकवाला ओरडला. "दादा, खाच कुठे पाडायची तेही विसरलात? माझ्याकडे माणसं हसली. वय झालं की माणसाने हात सोडावा, नाव बुडवत बसू नये!"

रागाच्या भरात हे आत्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने मारलेला दगड सरळ दादाच्या कपाळात बसला होता. बाहेर जाऊन 'मी केलं' म्हणावं, तर दादाचं उरलंसुरलं नाव जातं; गप्प राहावं, तर तो म्हातारचळ लागलेला ठरतो. ती फटीला डोळा लावून उभी राहिली.

दादा रागावला नाही. त्याने खिशातून आपला एकपाती काढला. चाकू धरलेली थरथरती उजवी मूठ पोटाशी घट्ट दाबून धरली, आणि डाव्या अंगठ्याचं नख पात्याला लावलं. खरखर. पुन्हा एकदा. आणि मग, खट्.

"उलटे नाहीत," तो म्हणाला. "ज्याने केले, त्याच्या हाताला सुलटे आहेत. मलाही शिकायला तीन आठवडे लागले."

"म्हणजे? कुणी केले?"

दादाने पडद्याकडे मान वळवली. "डावे," त्याने हाक मारली. मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "बाहेर ये."

आत्याच्या हातातली कानस अजून हवेतच होती. ती तिने खाली ठेवली, पडदा सारला आणि ॲप्रनसकट, काळ्या हातांसकट पुढच्या खोलीत आली. घाऊकवाला आधी तिच्या तोंडाकडे, मग बोटांकडे बघत राहिला.

"हिनेच," दादा म्हणाला. "हे चोवीस आणि बारा वर्षं तुम्ही नेलेत ते सगळे."

"मग पुढचा माल..."

"पुढचा नाही. चार दिवसांनी तिला शिकवायला जायचंय." दादाने खोक्यातून एक खलाशी उचलला. आता दोन्ही हात थरथरत होते, आणि त्याने एकही लपवला नाही. "हा एक विकायचा नाही, डावे. हा तुझा. खिसा आहे ना तुला?"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती. आत्याने ॲप्रनच्या आत हात घातला, तिथला कागद जरा बाजूला सरकवला.

"आहे," ती म्हणाली.